कब स्काउटिंगमधील श्रेणीप्रगती

कब स्काउटिंग हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील 'स्काउटिंग अमेरिका' (पूर्वीचे नाव 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका') या संस्थेचा लहान मुलामुलींसाठी असलेला कार्यक्रम आहे. अमेरिकेतील किंडरगार्टन म्हणजे पहिलीपूर्वीचे शालेय वर्ष; तेथपासून पाचव्या इयत्तेपर्यंतची, म्हणजे साधारणतः ५ ते ११ वर्षे वयाची मुले यात सहभागी होतात. या काळात मूल लायन, टायगर, वुल्फ, बेअर, वीबलोस आणि ॲरो ऑफ लाइट अशा सहा श्रेणींतून पुढे जाते. प्रत्येक श्रेणीसाठी ठरावीक उपक्रम पूर्ण करावे लागतात. मात्र त्यांचे मूल्यमापन परीक्षेसारखे होत नाही. मुलाने आपल्या कुवतीनुसार मनापासून प्रयत्न केला की नाही, हा येथील मुख्य निकष आहे. याच बाबतीत कब स्काउटिंगची श्रेणीपद्धती मोठ्या मुलांच्या स्काउट पद्धतीपेक्षा वेगळी ठरते.

## पार्श्वभूमी

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इ.स. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर प्रायोगिक शिबिर घेतले आणि १९०८ मध्ये 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून उभी राहिलेली स्काउट चळवळ किशोरवयीन मुलांसाठी होती. परंतु स्काउट झालेल्या मुलांचे धाकटे भाऊही पथकांभोवती घुटमळू लागले. त्यांना मोठ्या मुलांच्या चाचण्या झेपणाऱ्या नव्हत्या आणि सरसकट परत पाठवणेही इष्ट नव्हते. यावर उपाय म्हणून १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये 'वुल्फ कब' ही स्वतंत्र शाखा सुरू झाली. तिच्या उभारणीत व्हेरा बार्क्ले यांचा महत्त्वाचा वाटा होता.

या शाखेची कथाभूमी रुडयार्ड किपलिंग यांच्या 'द जंगल बुक' (१८९४) या पुस्तकातून घेण्यात आली. पुस्तकातील जंगल हे आजच्या मध्य प्रदेशातील सिवनी परिसरातील आहे. कळपाचा प्रमुख असलेल्या 'अकेला' या लांडग्याचे नाव 'एकटा' या अर्थाच्या हिंदी शब्दावरून आले आहे. हा शब्द पुढे जगभरातील कब पथकांत रूढ झाला. ब्रिटिश वुल्फ कब पद्धतीत 'पहिला तारा' आणि 'दुसरा तारा' अशा पायऱ्या होत्या. लांडग्याच्या पिल्लाचा आधी एक आणि मग दुसरा डोळा उघडतो, अशी त्यामागील कल्पना होती.

अमेरिकेत बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेची स्थापना ८ फेब्रुवारी १९१० रोजी झाली. तेथे प्रवेशासाठी किमान वय १२ वर्षे होते. लहान मुलांसाठी अधिकृत कार्यक्रम सुरू व्हायला मात्र १९३० साल उजाडले. तोपर्यंत काही ठिकाणी ब्रिटिश पुस्तिकांच्या आधारे अनौपचारिक पथके चालवली जात होती.

## श्रेणींचा इतिहास

१९३० च्या मूळ रचनेत बॉबकॅट ही प्रवेशाची पायरी होती. त्यानंतर वुल्फ, बेअर आणि लायन या तीन श्रेणी येत आणि त्या अनुक्रमे ९, १० व ११ वर्षांच्या मुलांसाठी होत्या. १९४९ मध्ये वयोमर्यादा एका वर्षाने खाली आणण्यात आली.

'वीबलोस' हा शब्दही सुरुवातीपासून प्रचलित होता. वुल्फ, बेअर, लायन आणि स्काउट या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो तयार झाला होता. पुढे लायन श्रेणी वगळण्यात आल्यावर 'आम्ही निष्ठावान स्काउट होऊ' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे संक्षिप्त रूप, असा त्याचा नवा उलगडा करण्यात आला.

त्यानंतरचे प्रमुख बदल पुढीलप्रमाणे :

* १९६७ : लायन श्रेणी बंद करून कबच्या शेवटच्या वर्षासाठी वीबलोसचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखण्यात आला. सर्वोच्च कब पुरस्काराला 'ॲरो ऑफ लाइट' हे नाव मिळाले.
* १९८२ : आणखी लहान मुलांसाठी टायगर कब हा गट सुरू झाला. यात प्रत्येक मुलासोबत एका प्रौढाचा सहभाग आवश्यक ठरवण्यात आला.
* १९८८ : वीबलोसचा कालावधी वाढवून दोन वर्षांचा करण्यात आला.
* २०१५ : 'ॲडव्हेंचर' या एककावर आधारित अभ्यासक्रम लागू झाला. कबसाठी असलेली वेगळी प्रतिज्ञा जाऊन तिच्या जागी स्काउटांची प्रतिज्ञा आणि १२ कलमी स्काउट नियम आले.
* २०१८ : मुलींना कब स्काउटिंगमध्ये प्रवेश खुला झाला. २०१६ पासून प्रायोगिक स्वरूपात चालू असलेला किंडरगार्टनच्या मुलांचा लायन गट याच वर्षी नियमित कार्यक्रमाचा भाग झाला.
* २०२४ : सर्व श्रेणींच्या अटी समान साच्यात बसवण्यात आल्या. वीबलोस चौथीसाठी आणि ॲरो ऑफ लाइट पाचवीसाठी, अशा दोन स्वतंत्र श्रेणी झाल्या. बॉबकॅट ही वेगळी पायरी न राहता प्रत्येक श्रेणीतील पहिला उपक्रम बनली.

८ फेब्रुवारी २०२५ पासून संस्था 'स्काउटिंग अमेरिका' या नावाने ओळखली जाते.

## पथकाची रचना

कब स्काउटांच्या स्थानिक पथकाला 'पॅक' म्हणतात. पॅकचा प्रमुख म्हणजे कबमास्टर. पॅकमधील एकाच इयत्तेच्या मुलांचे छोटे गट पाडले जातात. अशा गटाला 'डेन', म्हणजे गुहा, असे नाव आहे. एका डेनमध्ये साधारणतः सहा ते आठ मुले असतात आणि तिचे काम डेन लीडर पाहतो. हे सर्व प्रौढ स्वयंसेवक असतात आणि अनेकदा त्याच मुलांचे पालक असतात.

श्रेणीसाठी लागणारे बहुतेक काम डेनच्या बैठकांत होते. संपूर्ण पॅकचा मेळावा साधारणपणे महिन्यातून एकदा भरतो आणि मिळवलेली चिन्हे तेथे सर्वांसमोर दिली जातात. मुलाला मार्गदर्शन करणाऱ्या कोणत्याही प्रौढास, मग तो पालक असो, डेन लीडर असो वा कबमास्टर, 'अकेला' म्हटले जाते.

## श्रेणी आणि इयत्ता

मुलाने कोणत्या श्रेणीसाठी काम करायचे, हे त्याच्या इयत्तेवरून ठरते :

* लायन (सिंह) – किंडरगार्टन
* टायगर (वाघ) – पहिली
* वुल्फ (लांडगा) – दुसरी
* बेअर (अस्वल) – तिसरी
* वीबलोस – चौथी
* ॲरो ऑफ लाइट (प्रकाशाचा बाण) – पाचवी

ही रचना जिन्याच्या पायऱ्यांपेक्षा शाळेच्या वर्गांना अधिक जवळची आहे. एखादे मूल तिसरीत असताना पहिल्यांदा पॅकमध्ये आले, तर ते थेट बेअर श्रेणीचे काम सुरू करते. मागे राहून गेलेल्या लायन, टायगर किंवा वुल्फ या श्रेणी मिळवण्यासाठी त्याला मागे जावे लागत नाही. तशी मुभाही नसते. त्याचप्रमाणे एखाद्या वर्षी श्रेणी अपूर्ण राहिली, तरी पुढील शैक्षणिक वर्षी मूल आपल्या मित्रमैत्रिणींबरोबर पुढच्या डेनमध्ये जाते. एका वर्षीचे अपयश पुढील वर्षाच्या आड येत नाही. आपल्या वयाच्या मुलांपासून कोणी तुटू नये, हा या नियमाचा परिणाम आहे.

लायन आणि टायगर या श्रेणींत मुलासोबत एक प्रौढ सहभागी उपस्थित असावा लागतो. ही व्यक्ती आई किंवा वडीलच असली पाहिजे असे नाही. आजी-आजोबा, काका-मामा किंवा कुटुंबाच्या विश्वासातील १८ वर्षांवरील कोणीही ही जबाबदारी घेऊ शकते. वुल्फपासून पुढे मुलाकडून हळूहळू अधिक स्वावलंबनाची अपेक्षा केली जाते.

## श्रेणी मिळवण्याच्या अटी

२०२४ पासून लागू असलेल्या रचनेनुसार प्रत्येक श्रेणीसाठी ६ अनिवार्य आणि किमान २ ऐच्छिक ॲडव्हेंचर पूर्ण करावे लागतात. एका विषयाभोवती गुंफलेल्या छोट्या-छोट्या कृतींचा संच म्हणजे एक ॲडव्हेंचर.

### अनिवार्य क्षेत्रे

सहा अनिवार्य ॲडव्हेंचर सर्व श्रेणींत त्याच सहा क्षेत्रांतील असतात :

1. चारित्र्य आणि नेतृत्व – हे बॉबकॅट या नावाने येते. यात स्काउट प्रतिज्ञा, नियम, बोधवाक्य, वंदन इत्यादींचा परिचय करून दिला जातो.
2. निसर्ग व मैदानी जीवन – पायी सहल आणि तिची पूर्वतयारी.
3. शारीरिक सुदृढता – आहार, व्यायाम आणि विश्रांती.
4. नागरिकत्व – राष्ट्रध्वज, स्थानिक समाज आणि सेवाकार्य.
5. वैयक्तिक सुरक्षितता – घर, रस्ता आणि अनोळखी प्रसंग यांतील सावधगिरी; ॲरो ऑफ लाइटमध्ये याची जागा प्रथमोपचार घेतो.
6. कुटुंब आणि श्रद्धा – कुटुंबाच्या स्वतःच्या श्रद्धेनुसार करावयाच्या कृती.

विषय तोच राहतो, परंतु दरवर्षी त्याची खोली वाढते. पायी सहलीचे उदाहरण घेता येईल. सर्वांत लहान मुले प्रौढांचा हात धरून थोडे अंतर चालतात. त्याच वेळी सोबत काय न्यायचे हे ती शिकतात. प्रथमोपचार पेटी, पाण्याची बाटली, विजेरी, खाऊ, उन्हापासून संरक्षणाचे साधन आणि शिट्टी या सहा वस्तूंना 'सहा आवश्यक वस्तू' म्हणतात. वीबलोसपर्यंत पोहोचलेले मूल अधिक लांबचा पल्ला चालते आणि सहलीच्या आखणीतही भाग घेते.

बॉबकॅट ॲडव्हेंचरमधील एक अट घरीच पूर्ण करायची असते. बालकांचे शोषणापासून संरक्षण कसे करावे, या विषयावरील पुस्तिका पालक आणि मूल एकत्र बसून वाचतात आणि तिच्यातील कृती करतात. बॉबकॅट प्रत्येक श्रेणीत असल्यामुळे हे संभाषण कुटुंबात दरवर्षी, मुलाच्या वाढत्या समजेनुसार, नव्याने घडावे अशी योजना आहे.

### ऐच्छिक ॲडव्हेंचर

ऐच्छिक ॲडव्हेंचर मुलाची आवड आणि डेनची सोय पाहून निवडले जातात. मासेमारी, पोहणे, विज्ञानाचे प्रयोग, हस्तकला असे अनेक विषय त्यांत आहेत. लाकडी ठोकळ्यातून छोटी मोटार घडवून उतरत्या मार्गिकेवरून तिची शर्यत लावण्याचा 'पाइनवुड डर्बी' हा उपक्रम विशेष लोकप्रिय आहे. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील कबमास्टर डॉन मर्फी यांनी १९५३ मध्ये तो प्रथम आयोजित केला.

बेअर श्रेणीपासून मुलांना खिशातील चाकूने लाकूड तासण्याचे शिक्षण घेता येते. त्यासाठी आधी चाकूच्या सुरक्षित वापराचे नियम शिकून 'व्हिटलिंग चिप' नावाचे अनुमतिपत्र मिळवावे लागते. मुलावर सोपवलेली ही जबाबदारी असून बेफिकिरीने वागल्यास ती काढून घेतली जाऊ शकते.

## 'शक्य तितका प्रयत्न' हा निकष

कब स्काउटचे बोधवाक्य 'आपल्याकडून होईल तितके उत्तम करा' या आशयाचे आहे. श्रेणीसाठीच्या मूल्यमापनाचा निकषही तोच आहे. एखादी कृती पूर्ण झाली असे मानण्यासाठी तिचा निकाल कसा लागला यापेक्षा मुलाने तीत किती मन घातले हे पाहिले जाते. गाठ थोडी सैल पडली, प्रतिज्ञा म्हणताना एखादा शब्द निसटला किंवा चेंडू नेमक्या जागी पडला नाही, तरी मुलाने प्रामाणिकपणे प्रयत्न केला असेल तर अट पूर्ण झाल्याचे समजले जाते.

सहा-सात वर्षांच्या मुलांत एकाच वयातही वाढीचा वेग फार वेगवेगळा असतो. एक मूल सफाईने वाचते, तर दुसरे अजून अक्षरे लावत असते. सर्वांना एकच मोजपट्टी लावल्यास काही मुलांना चिन्ह विनासायास मिळेल आणि काहींना कष्ट करूनही मिळणार नाही. प्रयत्नाचा निकष लावला की दोघांनाही आपापल्या मर्यादेपलीकडे थोडे जावे लागते. त्यामुळे हा निकष वरवर सोपा वाटला तरी हुशार मुलासाठी तो सवलत ठरत नाही. ज्याला एखादी गोष्ट आधीच येते, त्याने ती उरकून टाकणे 'शक्य तितका प्रयत्न' या कसोटीत बसत नाही.

निर्णयाची जबाबदारी मुलाला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीवर असते. लहान श्रेणींत पालक पुस्तिकेत पूर्ततेची नोंद करतात आणि डेन लीडर ती पॅकच्या दप्तरात घेतो. वीबलोसपासून मान्यता देण्याचे काम प्रामुख्याने डेन लीडरकडे येते. आपल्या कामाची पावती घराबाहेरच्या व्यक्तीकडून घेण्याची ही सवय पुढील टप्प्याची पूर्वतयारी ठरते.

## विशेष गरजा असलेली मुले

शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांनाही हाच निकष लागू होतो. एखादी अट मुलाला मुळातच करता येण्याजोगी नसेल, तर पालक आणि पॅकचे कार्यकर्ते मिळून तिच्या जागी तितकेच आव्हानात्मक दुसरे काम ठरवू शकतात. उदाहरणार्थ, चाकांची खुर्ची वापरणाऱ्या मुलासाठी पायवाटेऐवजी खुर्ची जाऊ शकेल असा मार्ग निवडता येतो. अट रद्द करणे नव्हे, तर तिचा हेतू कायम राखून तिचे रूप बदलणे हे यात अपेक्षित असते.

## चिन्हे आणि समारंभ

लायन ते बेअर या श्रेणींत प्रत्येक ॲडव्हेंचरसाठी पट्ट्यात ओवण्याची धातूची छोटी कडी मिळते. वीबलोस आणि ॲरो ऑफ लाइटमध्ये कडीऐवजी पिन दिली जाते. सर्व आवश्यक ॲडव्हेंचर पूर्ण झाल्यावर श्रेणीचे कापडी चिन्ह मिळते आणि ते गणवेशाच्या डाव्या खिशावर शिवले जाते. वर्षभर थांबावे न लागता काही आठवड्यांच्या कामाचे फळ हाती पडणे, हे या लहान चिन्हांचे प्रयोजन आहे. लहान वयात दूरच्या ध्येयापेक्षा जवळचे ध्येय अधिक खुणावते.

संस्थेचा स्थापना दिन फेब्रुवारीत येत असल्याने अनेक पॅक त्या महिन्यात 'ब्ल्यू अँड गोल्ड' नावाचे स्नेहभोजन आयोजित करतात. श्रेणी-चिन्हे अनेकदा याच कार्यक्रमात दिली जातात. मुलाच्या वाटचालीत घरच्यांचाही वाटा असतो, याची दखल घेण्यासाठी पुष्कळ पॅकमध्ये चिन्ह देताना पालकांनाही व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत आहे.

ॲरो ऑफ लाइटच्या चिन्हात बाणावर उगवत्या सूर्याचे सात किरण दाखवलेले असतात. आठवड्याच्या सातही दिवशी आपल्याकडून उत्तम तेच करावे, असा त्यांचा अर्थ सांगितला जातो. मोठ्या स्काउटांच्या गणवेशावर लावण्याची परवानगी असलेल्या मोजक्या कब सन्मानांत त्याचा समावेश होतो.

## स्काउट पथकात प्रवेश

ॲरो ऑफ लाइट मिळवलेले आणि किमान १० वर्षांचे मूल मोठ्या मुलांच्या स्काउट पथकात जाऊ शकते. त्या प्रसंगी 'क्रॉसओव्हर' समारंभ होतो. त्यात एक लहानसा लाकडी पूल मांडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. मूल पॅकच्या बाजूने पुलावर चढते आणि पलीकडे पथकातील स्काउट त्याचे स्वागत करतात. ॲरो ऑफ लाइट मिळाला नसला तरी ११ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पथकात थेट प्रवेश घेता येतो. अर्थात कबच्या श्रेणी ही पुढील प्रवेशाची सक्तीची अट नाही.

पुलाच्या पलीकडे मात्र नियम बदलतात. तेथे स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल अशा सात श्रेणी असून त्या याच क्रमाने मिळवाव्या लागतात. इयत्तेप्रमाणे आपोआप पुढे जाता येत नाही. अट जशी लिहिली असेल तशीच पूर्ण करावी लागते. केवळ प्रयत्न पुरेसा ठरत नाही. पालकांच्या सहीची जागा पथकातील नेत्यांची मान्यता घेते आणि बहुतेक श्रेणींसाठी पुनरावलोकन मंडळासमोर जावे लागते. ईगल स्काउट होण्यासाठी किमान २१ प्रावीण्य-बिल्ले आणि एक सेवा प्रकल्प आवश्यक असतो.

## भारतातील कब आणि बुलबुल

भारतात भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत सुमारे ५ ते १० वर्षे वयाच्या मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल हे विभाग आहेत. ही संस्था १९५० मध्ये अस्तित्वात आली. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांमध्येही कब-बुलबुल पथके चालवली जातात.

कबच्या वाटचालीत प्रवेशानंतर प्रथम चरण, द्वितीय चरण, तृतीय चरण आणि चतुर्थ चरण हे टप्पे येतात. बुलबुलसाठी याच टप्प्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख अशी नावे आहेत. दोन्ही विभागांत 'गोल्डन ॲरो' (सुवर्ण बाण) हा पुढील पुरस्कार आहे. अमेरिकी पद्धतीत श्रेणी इयत्तेशी बांधलेली आहे, तर भारतीय पद्धतीत एक चरण पूर्ण केल्यावर पुढच्या चरणाकडे जायचे असते. बोधवाक्याचा आशय मात्र दोन्हीकडे समान आहे. भारतीय कबचे 'कोशिश करो' हे बोधवाक्यही यशाऐवजी प्रयत्नावरच भर देते.

## मूल्यमापन

या श्रेणीपद्धतीबाबत दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न चिन्हाच्या मोलाविषयीचा आहे. निकष प्रयत्नाचा आणि निर्णय पालकांचा असल्यास अपुऱ्या कामावरही सही होण्याची शक्यता राहते आणि मग सर्वांनाच मिळणाऱ्या चिन्हाचे अप्रूप उरत नाही. डेन लीडर किती काटेकोर आहे, यानुसार दोन पॅकमधील एकाच श्रेणीच्या कामात फरक पडू शकतो. दुसरा प्रश्न संधीविषयीचा आहे. लहान श्रेणींत प्रौढाची उपस्थिती आणि घरी करावयाचे काम अपेक्षित असल्याने, ज्या घरांत दोन्ही पालक कामात गुंतलेले असतात किंवा एकच पालक असतो, तेथील मुलांना अटी पूर्ण करणे अवघड जाऊ शकते. विश्वासातील अन्य प्रौढाला सोबत येण्याची असलेली मुभा ही अडचण काही अंशी कमी करते.

दुसऱ्या बाजूने पाहता, या पद्धतीत मूल स्वतःची तुलना शेजारच्या मुलाशी न करता कालच्या स्वतःशी करते. इयत्तेनुसार होणारी प्रगती, प्रयत्नावर आधारलेला निकष आणि जवळच्या प्रौढाचा निर्णय या तीन गोष्टी परस्परांना पूरक आहेत. नेमक्या कौशल्याची परीक्षा मूल ती पेलण्याइतके मोठे होईपर्यंत, म्हणजे स्काउट पथकात जाईपर्यंत, पुढे ढकललेली असते. तोपर्यंत प्रयत्न करण्याची सवय अंगी बाणावी, हे कबच्या सहा श्रेणींचे प्रमुख उद्दिष्ट आहे.